पहिली ते चौथीच्या मुलांना गोष्ट लिहायला कशी शिकवायची आणि ती तपासायची कशी

दुसरी-तिसरीच्या वर्गात "आज एक गोष्ट लिहा" म्हणून फळ्यावर विषय टाकला की काय होतं ते सगळ्या शिक्षकांना माहितीय. अर्धी मुलं "एक होता राजा" लिहून थांबतात, चार हुशार मुलं पाठ असलेली ससा-कासवाची गोष्ट उतरवतात आणि उरलेली पेन्सिलीला टोक काढत बसतात. मग आपण म्हणतो की मुलांना कल्पनाच सुचत नाही. तीच मुलं मधल्या सुट्टीत काय काय सांगत असतात ते ऐका जरा! गोष्ट त्यांच्याकडे असतेच, पण लिहायला बसलं की पुढं काय होणार ते ठरवायचं, वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, अक्षर आठवायचं, काना-मात्रा बघायची, ओळ सरळ ठेवायची, हे सगळं सात वर्षांच्या पोराला एकाच वेळी करावं लागतं. म्हणून ही कामं वेगवेगळी करून द्यायची आणि तपासताना पण वेगवेगळीच तपासायची. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या आपल्या मराठी शाळा डोळ्यासमोर ठेवून लिहितेय, घरी आई-बाबांनाही यातलं बरंच करता येईल.

१. आधी दोन-तीन दिवस फक्त सांगायचं

वही उघडायचीच नाही. "गोष्ट सांग" असं मोघम विचारलं तर मूल गप्प बसतं, म्हणून प्रश्न बारीक आणि त्याच्या रोजच्या बघण्यातला पाहिजे. रताळी काढताना मातीत काय सापडलं? कौलावर माकडं आली तेव्हा घरात कोण कोण ओरडलं? सौंदत्तीला यल्लम्माला जाताना वाटेत काय झालं? खानापूरच्या जंगलाकडच्या गावात गवा शेतात आल्याची गोष्ट प्रत्येक घरात असते, निपाणीकडं तंबाखूच्या रानातली असते, उसाच्या पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉलीची. मूल सांगायला लागलं की आपण फक्त "मग?" एवढंच म्हणायचं.

इथं एक फरक मात्र मुलाला दाखवून द्यावा लागतो. मूल सांगतं, "आम्ही आज्जीच्या गावाला गेलो, बसनं गेलो, जेवलो, परत आलो." हे नुसतं काय काय झालं ते सांगणं आहे, यात अजून गोष्ट आलेली नाही. तेव्हा विचारायचं, वाटेत काही अडलं का? "बस चुकली." मग? "आई लई घाबरली, अंधार पडला." मग तू काय केलंस? आता मूल सरसावून बसतं, कारण आता कुणाला तरी काहीतरी पाहिजे आहे आणि ते मिळेना झालंय. माझ्या मते प्राथमिकच्या मुलांना कथेबद्दल एवढी एकच गोष्ट शिकवली तरी पुष्कळ झालं. पात्र, कथानक, प्रसंग असले मोठे शब्द चौथीपर्यंत काढायचीच गरज नाही.

भाषेला या टप्प्यात अजिबात हात लावायचा नाही. "काय करूलास" (काय करतोयस), "पाऊस पडूलाय" (पाऊस पडतोय) असं आपल्याकडं घराघरात बोलतात तसंच येऊ द्या. वर्गात कन्नड बोलणाऱ्या घरातली मुलं असतात, गोव्याच्या बाजूला कोकणी बोलणारी असतात, त्यांना मधे मधे त्यांचे शब्द वापरू द्या, शेजारचं मूल आपोआप मराठी शब्द पुरवतं. सांगताना मधेच अडवून दुरुस्त केलेलं मूल पुढच्या वेळी दोनच वाक्यं सांगतं.

२. मग चित्र, पण रंग न देता

कोऱ्या कागदाला घड्या घालून पहिली-दुसरीला तीन खाने, तिसरी-चौथीला चार. पहिल्यात कोण आणि कुठं, मधल्यात काय अडलं, शेवटी काय झालं. मी मधला खाना आधी काढायला सांगते, कारण सुरुवातीपासून काढलं की घर, डोंगर आणि सूर्य यातच वेळ जातो आणि गोष्ट राहून जाते. रंगपेटी बॅगेतच ठेवायची, दहा मिनिटं बास. हे चित्र म्हणजे लिहिताना पुढं काय ते विसरू नये म्हणून केलेली खूण, त्यामुळं ते सुंदर असायची गरज नाही हे मुलांना सांगायचं.

३. फळ्यावर एक गोष्ट सगळ्यांनी मिळून

मुलं सांगणार, आपण लिहिणार, आणि लिहिताना मोठ्यानं बोलायचं. "उंदीर आला, एवढंच लिहू का कुठून आला ते पण लिहू?" असं. मुद्दाम एखादं वाक्य खोडायचं, बाण काढून मधे शब्द घालायचा, म्हणजे लिहिताना खोडाखोड होते आणि ती चालते हे मुलांना दिसतं. आपल्या बऱ्याच शाळांत एकाच शिक्षकाकडं दोन-तीन इयत्ता असतात, त्याचा इथं फायदाच होतो, पहिलीतल्या मुलानं सांगायचं आणि तिसरीतल्या मुलानं ते लिहून घ्यायचं, दोघांचाही अभ्यास होतो.

४. कच्चं लिहिणं

चित्र समोर ठेवून वीस मिनिटं. पहिलीला प्रत्येक खान्याखाली एक वाक्य, ज्याला तेही जमत नाही त्यानं सांगावं आणि आपण त्याच्या शब्दांत लिहावं. दुसरीला चार-पाच वाक्यं, तिसरी-चौथीला अर्धं ते एक पान. खोडरबर बाजूला, चुकलं तर एक रेघ मारून पुढं जायचं. "बाई, हे कसं लिहायचं?" असं विचारलं तर कानाला ऐकू येतंय तसं लिही आणि खाली रेघ ओढून ठेव म्हणायचं. प्रत्येक शब्द आपण सांगत बसलो तर मूल फक्त लिहिता येणारे सोपे शब्दच वापरायला लागतं, मग सगळ्या गोष्टींत घर, कमळ आणि मगर.

५. एकच सुधारणा

शेजाऱ्याला वाचून दाखवायचं, शेजाऱ्यानं एक प्रश्न विचारायचा, त्याचं उत्तर एका वाक्यात गोष्टीत घालायचं. एवढंच. सगळं परत सुवाच्य अक्षरात लिहून काढायला लावलं की या वयात लिहिण्याचा कंटाळाच बसतो.

६. तपासणी

सगळ्यात जास्त घाई आपण इथं करतो. वही दोनदा वाचा, पहिल्या वाचनात हातात पेन नको. तिसरीतली मुलं लिहितात तसा एक नमुना देते:

"मी आनी आज्जा शेताला गेलो. रताळ काढताना उंदीर आला. आज्जा म्हनला काय करूलास सोडू नको. मी उंदराला सोडल. त्याची पील होती. आज्जान मला गुळ दिला."

पहिलं वाचन फक्त गोष्टीसाठी. कोण आहे, कुठं आहे, काय अडलं, कसं सुटलं, हे सगळं सहा ओळींत आहे. आणि "त्याची पिलं होती" हे तर फारच मोलाचं, कारण मुलानं उंदराला का सोडलं याचं कारण स्वतःहून दिलंय, हे कुणी शिकवलेलं नाही. आज्जानं आधी सोडू नको म्हटलं आणि नंतर गूळ दिला, म्हणजे मधे आज्जाचं मन बदललं, तिथं एक वाक्य कमी आहे. वहीत तोच प्रश्न लिहायचा, "पिलं बघून आज्जा काय म्हणाला?"

दुसरं वाचन भाषेचं. पूर्णविराम सगळे जागच्या जागी आहेत, हे सांगून कौतुक करा. चुका मोजल्या तर पुष्कळ दिसतात, पण रताळ, सोडल, पील, आज्जान या चारही ठिकाणी मुख्य चूक एकच आहे, शेवटचा अनुस्वार राहिलाय. मग या आठवड्यात या मुलासाठी तेवढंच घ्यायचं. "आनी", "म्हनला" यातला ण नंतर बघू. "काय करूलास" ही चूक धरायचीच नाही, आज्जा तसंच बोलणार ना! चौथीत गेल्यावर अवतरणचिन्ह शिकवायचं आणि सांगायचं की माणसाच्या तोंडचं असं लिहायचं, बाकी पुस्तकासारखं.

आपल्या भागात अजून दोन गोष्टी सांभाळायच्या. मुलं कन्नडही शिकत असतात आणि कन्नड अक्षरांना आपल्यासारखी सलग शिरोरेघ नसते, त्यामुळं काहींची शिरोरेघ सुटते किंवा दोन शब्द चिकटतात. आणि कन्नड घरातली मुलं "ती झाड", "तो पुस्तक" लिहितात, कारण कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं स्त्रीलिंग-पुल्लिंग नसतं. याचे गुण कापून काही साधत नाही, रोजच्या बोलण्यातूनच ते सुधारतं.

गुण द्यायचेच असतील तर दहापैकी असे देऊन बघा: गोष्टीला 4, स्वतःच्या बारकाव्यांना 3, वाक्यांना 2, शुद्धलेखनाला 1. चौथीत शुद्धलेखनाला 2 करा आणि गोष्टीला 3. आपल्याकडं वर्षाला चार एफए (आकारिक चाचण्या) आणि दोन एसए (सत्राच्या शेवटच्या संकलित परीक्षा) असतात, तर एफए-1 च्या सुमारास लिहिलेली एक गोष्ट तारीख घालून फाइलला लावून ठेवायची आणि एफए-4 ला दुसरी. दोन्ही शेजारी ठेवल्या की ग्रेड न बघताही पालकांना फरक कळतो. ज्याला लिहिता येत नाही पण सांगता येतं, त्याची सांगितलेली गोष्ट वेगळी नोंदवा, नाहीतर कल्पना भरपूर असलेलं मूल कागदावर "सी" होऊन बसतं.

शेरा म्हणून नुसतं "छान" लिहू नका. आपल्याला वाचताना काय वाटलं ते एक वाक्य आणि एक प्रश्न, तेही पेन्सिलीनं. लाल पेनानं भरलेलं पान मूल परत उघडत नाही.

घरच्यांनी एवढंच करावं की मूल वाचून दाखवेल तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून पूर्ण ऐकावं आणि चुका काढू नयेत. आई-बाबांना मराठी वाचता येत नसलं तरी काही बिघडत नाही, ऐकता तर येतंच.

७. वाचणारा माणूस पाहिजे

फक्त बाईंसाठी लिहिलेली गोष्ट तिथंच संपते. ए-फोर कागदाला घड्या घालून आठ भाग करा, मग कागद आडवा अर्ध्यात दुमडून घडीच्या बाजूनं मधल्या रेघेवर मध्यापर्यंत कात्री मारा, उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला, आठ पानांचं पुस्तक तयार. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव, इयत्ता आणि गाव. वर्गात दोरी बांधून त्यावर लावा, शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटची वीस मिनिटं वाचनाला ठेवा, एसडीएमसीच्या (पालकांच्या शाळा विकास व देखरेख समितीच्या) मीटिंगला दोन मुलांना वाचायला उभं करा. उचगाव, कडोली, येळ्ळूर, कारदगा अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या आयोजकांना आधीच भेटून शाळेतल्या पुस्तकांसाठी एक टेबल मागून घ्या.