घरी गाडी धुताना या चुका टाळा

गाडीचा रंग उन्हापावसाने जितका खराब होतो, त्याहून अधिक तो मालकाच्या स्वच्छतेच्या हौसेने खराब होतो, असे माझे ठाम मत आहे. या हौसेचे लाडके हत्यार म्हणजे कोरडा फडका. सकाळी निघण्यापूर्वी धुळीने माखलेल्या बॉनेटवरून ‘जरा हात मारण्याची’ सवय अनेकांना असते, आणि त्यात आपण गाडीची फार काळजी घेतो असे त्यांना मनापासून वाटते.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुधा माणसाच्या केसाहूनही कमी असते. धुळीत वाळूचे कठीण कण असतात आणि कोरडा फडका ते उचलत नाही, तर त्या थरावरून फरफटत नेतो. एका दिवसात काहीच दिसत नाही. काही महिन्यांनी मात्र उन्हात किंवा दिव्याखाली गोलाकार बारीक चऱ्यांचे जाळे उमटलेले दिसते.

परिचयातील एका गृहस्थांनी नवी काळी गाडी घेतली आणि ती रोज न चुकता कोरडी पुसली. पहिल्या वर्षाच्या आतच बॉनेट चऱ्यांनी भरले. येथेच थांबून कोणाला विचारले असते तरी बरे झाले असते. पण त्यांनी रबिंग कंपाउंड, म्हणजे वरचा थर किंचित घासून चरे घालवणारी पेस्ट, आणि पॉलिशिंगचे यंत्र आणले व एका दुपारीत सारे चरे घालवण्याचे ठरवले. बॉनेटच्या कडेला, जिथे रंगाचा थर आधीच पातळ असतो, तिथे ते यंत्र दाबून धरत राहिले. पांढरा पॅड काळा होऊ लागला, तेव्हा मळ निघतो आहे असे समजून त्यांनी आणखी जोर लावला. वास्तविक क्लिअर कोट असलेल्या धुतलेल्या गाडीचा रंग पॅडवर येऊ लागला, की तो थर संपला असे समजावे आणि यंत्र तत्काळ बंद करावे. शेवटी अख्खे बॉनेट पुन्हा रंगवावे लागले.

माझी पद्धत साधी आहे. गाडी धुळकट असेल तर तिला पाण्याशिवाय हात लावायचा नाही. धुवायला वेळ नसेल तर ती तशीच चालवायची, धुळीने कोणाची अब्रू जात नाही. धुताना आधी टपापासून खालपर्यंत भरपूर पाणी सोडून सुटी धूळ काढावी. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे. प्रत्येक भाग धुतल्यावर मायक्रोफायबरचा हातमोजा आधी साध्या पाण्यात खळबळावा आणि मगच शाम्पूत बुडवावा. ‘एकाच बादलीत भागते’ म्हणणाऱ्यांनी धुणे संपल्यावर त्या साध्या पाण्याच्या बादलीचा तळ एकदा पाहावा. चाकांना ब्रश आणि बादली वेगळी हवी, आणि जमिनीवर पडलेला फडका त्या दिवसापुरता बाद समजावा.

भांड्यांच्या साबणाने गाडी धुऊ नये, तो आधी लावलेले वॅक्स उतरवतो. तापलेल्या पत्र्यावर आणि भर उन्हात धुऊ नये, कारण पाणी पुसण्याआधीच वाळते आणि त्यातील क्षारांचे पांढरे डाग मागे राहतात. बोअरवेलचे जड पाणी असेल तर हे विशेष जाणवते. पक्ष्यांची विष्ठा नखाने खरवडू नये. तिच्यावर ओला फडका काही मिनिटे ठेवून ती मऊ झाल्यावर अलगद उचलावी, पण हे काम पुढच्या रविवारवर ढकलू नये, कारण ती रंगात खोलवर डाग पाडते.

दुसरी चूक मला अधिक चीड आणते, ती म्हणजे धुतल्या धुतल्या सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर टणक संरक्षक थर बसवणाऱ्या द्रवाची, बाटली उघडणे. कोटिंग चरे बुजवत नाही. खालचे चरे आणि डाग ते जसेच्या तसे बंदिस्त करते. धुतलेल्या पत्र्यावरून हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बोटे फिरवावीत. खरखर जाणवली तर भरपूर ओलावा ठेवून क्ले बार, म्हणजे चिकटलेले कण उचलणारी मातीसारखी मऊ वडी, फिरवावा, गरज असेल तर पॉलिश करावे आणि त्याचा तेलकटपणा पुसून काढावा. या साऱ्यानंतर कोटिंगची वेळ येते. तेही एका वेळी दोन फूट लांबी-रुंदीच्या भागावरच लावावे. उतावळी माणसे संपूर्ण बॉनेटवर एकदम फासतात, पुसायला उशीर होतो आणि घट्ट झालेले धब्बे काढायला पुन्हा पॉलिशच करावे लागते. म्हणून नवशिक्यांनी साध्या वॅक्सपासून सुरुवात करावी असे मी सांगतो. ते दोन-तीन महिन्यांत उतरते खरे, पण बिघडले तर सहज पुसूनही टाकता येते.

मायक्रोफायबरचे फडके फॅब्रिक सॉफ्टनरमध्ये धुऊ नयेत, त्याने त्यांचे पाणी शोषणे कमी होते. धुळकट गाडीवर कव्हर चढवू नये. वाऱ्याने हलणारे कव्हर रंगावर घासत राहते. टायर चमकवण्याचे द्रव्य टायरच्या बाजूलाच लावावे, जमिनीला टेकणाऱ्या भागावर किंवा ब्रेकच्या डिस्कवर त्याचा थेंबही जाऊ देऊ नये. आणि धुतलेली गाडी लगेच उभी करून ठेवू नये. थोडे अंतर हळू चालवून ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबावेत, म्हणजे डिस्क कोरड्या होतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यावर गंजाची तांबूस पुटे दिसत नाहीत.