स्पेस असलेला फोल्डर आणि माझी बॅच फाइल

फोटोंच्या बॅकअपसाठी छोटी बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा ओळीने चालवणारी मजकूर फाइल) लिहिली होती. फोल्डर तिच्यावर ओढून सोडला की कॉपी सुरू. ‘दिवाळी’ बिनबोभाट गेला, ‘गावची जत्रा’ अडला. मला वाटलं, डिस्कच गेली! एको (मजकूर पडद्यावर दाखवणारी आज्ञा) लावून बघितलं तर फोल्डरच्या पत्त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन अवतरणं: ""डी:\गावची जत्रा"". नावात स्पेस असली की विंडोज स्वतःच अवतरणं लावतं, त्यावर माझ्या "%1" मधल्या अवतरणांची भर (%1 च्या जागी ओढलेल्या फोल्डरचा पत्ता येतो). मधली स्पेस उघडी पडते.

सगळीकडे "%~1" केलं. ती लाटेसारखी खूण बाहेरची अवतरणं सोलते, नसतील तर गप्प बसते.

मग अख्खा पेन ड्राइव्ह ओढला आणि रोबोकॉपी (कॉपी करणारी विंडोजची आज्ञा) रुसलं. मार्ग, म्हणजे पत्ता, \ ने संपला की ते पुढचं अवतरण मार्गाचाच भाग समजतं. तिथे "%~1\." लिहिलं, ते टिंब विसरायचं नाही.