लढणारा प्राचीन योद्धा शाईने कसा रेखाटावा: जेरिकोच्या वाटेने

तेओदोर जेरिको (१७९१–१८२४) हा फ्रेंच रोमँटिक, म्हणजे भावना आणि आवेग रंगवणाऱ्या शैलीचा, चित्रकार. त्याची तपकिरी शाईची रेखाटनं पाहिली की वाटतं, अंगातला जोर आधी कागदावर उतरलाय आणि माणूस मागून आलाय. आपणही त्याच क्रमाने जाऊ.

सरावासाठी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातला ‘बोर्गेझे ग्लॅडिएटर’ हा पुतळा घ्या. नाव ग्लॅडिएटरचं (रोमन आखाड्यात लढणाऱ्याचं), पण हा ग्रीक योद्धा आहे, इ.स.पू. १००च्या सुमाराचा, एफेसस या प्राचीन ग्रीक शहरातल्या अगासियासने घडवलेला. मान वर वळलेली आहे, म्हणजे समोर बहुधा घोडेस्वार आहे. तो शिल्पात नाहीच! डाव्या हातावर ढालीचा नुसता पट्टा उरलाय. इंटरनेटवर त्याचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो सापडतील.

साहित्य थोडंच लागतं: टाक किंवा बोरू, सेपिया (गडद तपकिरी) रंगाची शाई, दोन वाट्या, मऊ ब्रश आणि जलरंगाचा जाड कागद. पातळ कागद ओला झाला की फुगतो आणि सगळी मेहनत वाया जाते. जेरिकोच्या काळी हंसाच्या पिसाची लेखणी आणि मायफळाची (ओकच्या झाडावरच्या गाठींपासून केलेली) शाई वापरत. मायफळाची शाई काळी उमटते, काळाबरोबर तपकिरी होते आणि पुढे कागदही खाते.

आता पेन्सिलीने एकच तिरकी रेघ मारा: मागच्या डाव्या टाचेपासून पुढे उगारलेल्या डाव्या मुठीपर्यंत. सगळं चित्र या रेघेवर उभं राहतं, म्हणून इथे घाई नको. स्वतः त्या पवित्र्यात उभे राहून पाहा. उजवा गुडघा वाकवा, डावा पाय मागे ताणा. भार कुठे येतो ते मांडीलाच कळतं, आणि मग हातालाही. चेहरा आत्ता काढू नका.

पुढे पातळ शाईने सावल्या भरा. एका वाटीत शाईचे दोन थेंब आणि पाणी, दुसरीत शाई थोडी जास्त. उजेड एकाच बाजूने येतोय असं धरा आणि उजेडाचा भाग कोराच सोडा. पहिला थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका.

टाक शेवटी उचला. १७९३ मध्ये जॉन फ्लॅक्समन या इंग्रज कलावंताची ‘इलियड’ या ग्रीक महाकाव्यावरची चित्रं छापली गेली. त्यांत सावली नाही, फक्त स्वच्छ, संयमी बाह्यरेषा आहे. आपल्याला याच्या उलट करायचंय. जिथे स्नायू ताणलाय तिथे टाक दाबा, उजेडात रेघ तुटू द्या. रेघ चुकली तर खोडू नका, शेजारी दुसरी मारा. खांद्याभोवती अशा तीन-चार रेघा जमल्या की हात हलल्यासारखा दिसतो.

घोडेस्वार काढायचा मोह होईल. माझं ऐका, काढू नका. योद्ध्याची नजर जाते तिथे, कागदाच्या वरच्या कोपऱ्यात, मोकळी जागा ठेवा.