शहरातल्या कॅमेऱ्यांचा हिशेब माहिती अधिकारातून कसा मागावा

जळगावच्या फुले मार्केटमध्ये, धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा शहाद्याच्या एखाद्या चौकात खांबावर नवा कॅमेरा बसला की लोकांत दोन तट पडतात. चोऱ्यांना आणि छेडछाडीला आळा बसेल असे एका गटाला वाटते, तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकावर सरकारने नजर का ठेवावी, असा दुसऱ्याचा सवाल असतो. माझ्या मते हा वाद नुसत्या मतांवर चालवणे व्यर्थ आहे; चित्रण कोण पाहते, ते किती दिवस राहते आणि कोणाच्या हाती जाते, हे आधी कागदावर मिळवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, आणि त्यात हात घालायचा तर सरकारकडे कायद्याचा आधार, रास्त हेतू आणि त्या हेतूच्या प्रमाणातच उपाय हवा, ही कसोटी त्याच निकालातून पुढे आली. त्यामुळे असे प्रश्न विचारणे म्हणजे पोलिसांना विरोध, असे कोणी म्हटले तरी बिचकू नये.

अर्ज माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(१) खाली करावा. कॅमेरे पालिकेचे असतील तर पालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, आणि चित्रण पोलिसांच्या नियंत्रण कक्षात जात असेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे तो द्यावा. कार्यालय चुकले तरी अडत नाही, कारण अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे कलम ६(३) नुसार त्यांचेच काम आहे. ‘जोडपत्र अ’चा नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा एवढे पाळावे, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

खरे कसब मजकुरात आहे. ‘कॅमेरे का बसवले?’ असे विचारल्यास उत्तर मिळत नाही, कारण हा कायदा कार्यालयात असलेला कागद देतो, खुलासा नव्हे. म्हणून प्रती मागाव्यात: “१ एप्रिल २०२३ पासून बसवलेल्या कॅमेऱ्यांची प्रभागनिहाय संख्या, कार्यादेशाची प्रत व खर्चाचे लेखाशीर्ष, चित्रण किती दिवस साठवायचे याबाबतच्या आदेशाची प्रत, चित्रण पाहण्याचा अधिकार असलेल्यांची पदनामे, चित्रण इतरांना दिल्याच्या नोंदवहीचा कोरा नमुना, चेहरा ओळखणारी प्रणाली जोडली असल्यास तिच्या मंजुरीची प्रत.” नेमकी ठिकाणे मुद्दामच मागू नयेत, तेवढ्या निमित्ताने सगळा अर्ज सुरक्षेच्या नावाखाली अडकण्याची भीती असते. कोणा व्यक्तीचे नाव किंवा चित्रणही मागू नये. इतरांचा खासगीपणा आपणच मोडायचा नाही, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहिती न देण्याची कार्यालयांची सूट अधिकच रुंद केली आहे.

उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ‘सुरक्षेच्या कारणास्तव माहिती देता येत नाही’ अशी एक ओळ आली तर गप्प बसू नये. नकाराची कारणे आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील देणे कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे, कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती देता येते, आणि नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) ने अधिकाऱ्यावरच टाकली आहे. ही तिन्ही कलमे पहिल्या अपिलात नमूद करून, वीस रुपयांचा स्टॅम्प लावून, ते ३० दिवसांत दाखल करावे. दुसऱ्या अपिलाला ९० दिवस मिळतात. ते राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जाते, कारण जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत येतात.

पोलीस ठाण्याच्या आतल्या कॅमेऱ्यांसाठी वेगळा अर्ज अवश्य करावा. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आणि त्यांच्या देखरेखीसाठी जिल्हा पातळीवर समिती नेमण्याचा आदेश दिला. त्या समितीच्या बैठकांची इतिवृत्ते मागावीत. कॅमेऱ्याची नजर सत्तेकडेही वळलेली आहे की नाही, हे त्यातून कळते. फोन टॅपिंगच्या एखाद्या आदेशाची प्रत मागण्यात मात्र शक्ती घालवू नये; तो लढा न्यायालयातला आणि विधिमंडळातला आहे.

साठवणुकीच्या आदेशाची प्रत ‘उपलब्ध नाही’ असे लेखी उत्तर आले, तर तेच सर्वांत मोलाचे समजावे. त्याची छायांकित प्रत जोडून, चित्रण किती दिवसांनी पुसायचे आणि ते पाहणाऱ्याची नोंद कोणी ठेवायची हे लेखी ठरवावे, असे निवेदन पालिकेच्या सर्वसाधारण सभेपूर्वी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला आणि मुख्याधिकारी किंवा आयुक्तांना द्यावे.