पाणीपुरवठ्याची कार्यक्षमता मोजताना या चुका टाळा

गळती किती, असं विचारलं की बहुतेक पाणीपुरवठा विभाग टक्केवारी सांगतात. गडबड तिथूनच सुरू होते. समजा शहरात १०० एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर) पाणी सोडलं आणि त्यातलं २० एमएलडी गळालं, म्हणजे २० टक्के. पुढच्या वर्षी मागणी वाढली, १२५ एमएलडी सोडलं, गळती तेवढीच. आकडा आला १६ टक्क्यांवर! एकही पाइप दुरुस्त न करता अहवालात सुधारणा. उलट लोकांनी पाणी जपून वापरलं, तर टक्केवारी चढणार आणि विभाग बोलणी खाणार. म्हणून गळती दर नळजोडणीमागे दिवसाला किती लिटर, अशी मांडा. एक लाख जोडण्या असतील तर वरची गळती २०० लिटर होते, दोन्ही वर्षी. सोबत पाण्याचा दाब आणि पुरवठ्याचे तासही लिहा. दिवसातून दोनच तास पाणी देणाऱ्या यंत्रणेची गळती कमी दिसणारच. उरलेले बावीस तास पाइपात गळायला पाणी असतंच कुठे?

दुसरी चूक म्हणजे सगळी तूट, म्हणजे सोडलेलं आणि बिल झालेलं पाणी यांतला फरक, एकाच खात्यात टाकणं. इंटरनॅशनल वॉटर असोसिएशन या पाणी-तज्ज्ञांच्या जागतिक संस्थेने २००० साली मांडलेल्या पाण्याच्या ताळेबंदात फुटक्या पाइपांतून जाणारं पाणी वेगळं आणि चोरी, मंदावलेले मीटर, बिलांमधल्या चुका यांमुळे हिशेबातून निसटणारं पाणी वेगळं धरलं आहे. पहिल्यासाठी खोदकाम लागतं, दुसऱ्यासाठी मीटर बदलावे लागतात.

तूट उणे आली, म्हणजे सोडलं त्याहून जास्त विकलं गेलं, तर खूश होऊ नका. आधी तारखा जुळवा: शहरात सोडलेलं पाणी मोजणारा मुख्य मीटर अनेकदा महिन्याला वाचला जातो आणि बिलं दोन महिन्यांची असतात. मग बंद मीटरवर सरासरीने काढलेली बिलं बाजूला काढा. तरीही हिशेब बसला नाही, तर मुख्य मीटर कुठे बसवलाय ते जागेवर जाऊन बघा. पाणी येतं त्या बाजूला, त्याच्या अगदी जवळ पाइपाचं वळण (बेंड) किंवा अर्धवट बंद व्हॉल्व्ह असेल किंवा पाइप पूर्ण भरून वाहत नसेल, तर आकड्यावर भरवसा नको.

रात्री दोन ते चारचा प्रवाह गळती शोधायला चांगला, कारण तेव्हा पाणी फारसं कुणी वापरत नाही; पण गच्चीवरच्या टाक्या त्याच वेळी भरत असतील तर तो वापरही गळतीत जमा होतो.

विजेचा खर्च तुलनेला घेताना उंची विसरू नका. हजार लिटर पाणी १०० मीटर चढवायला पंपात काहीच वाया गेलं नाही तरी ०.२७ युनिट लागतातच. सपाटीवरच्या शहराशी तुलना करून पंपाला नावं ठेवण्यात अर्थ नाही.