दोन मिळत्याजुळत्या छटांतून भिंतीसाठी एक निवडताना

शेड कार्डावर शेजारी शेजारी असलेल्या दोन फिक्या छटांपैकी, समजा एक मोतिया आणि दुसरी किंचित राखाडी झाक असलेली, कोणती घ्यावी हे कार्ड पाहून ठरवू नये. दोन बोटांएवढ्या चौकोनावरून भिंतीचा अंदाज येत नाही. शिवाय रंग चारही भिंतींना लागला की त्या एकमेकींवर प्रकाश टाकतात आणि झाक अधिक गडद भासते.

दोन्ही छटांचे सर्वांत लहान डबे, मॅट (चमक नसलेला) किंवा सॅटिन (हलकी चमक असलेला) जो लावायचा असेल त्याच प्रकारात, दुकानातून आणावेत. दीड-दोन फुटी पांढऱ्या पुठ्ठ्यावर प्रत्येकाचे दोन हात मारावेत आणि कडेने दोन इंच पट्टी कोरी सोडावी. नमुना थेट जुन्या भिंतीवर मारला तर तिचा रंग डोळ्यांना फसवतो. हिरव्या डिस्टेंपरशेजारी राखाडी छटा गुलाबीसर दिसू लागते. इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळायचा भिंतीचा रंग, वाळल्यावर सहसा थोडे गडद होते, म्हणून निर्णय दुसऱ्या दिवशी घ्यावा. पावसाळ्यात तर आणखी एक दिवस थांबावे.

खरी परीक्षा उजेडाची असते. मुंबईत पुष्कळ खोल्यांत आभाळाचा उजेड थेट येत नाही, तो समोरच्या इमारतीवर आपटून तिचा रंग घेऊन येतो. दादरच्या आमच्या घरासमोर विटकरी रंगाची इमारत आहे. सकाळी साडेदहाला तिच्यावर ऊन पडले की आमचा मोतिया पुठ्ठा पीच दिसे आणि राखाडी पुठ्ठा स्वच्छ दुधी वाटे. कार्डावर मला मोतियाच आवडला होता.

म्हणून पुठ्ठे पलंगावर आडवे न ठेवता भिंतीला उभे टेकवावेत, खिडकीच्या भिंतीवर आणि तिच्या समोरच्या भिंतीवर, कपाटाच्या सनमायकाजवळ व लादीलगत, सकाळी, दुपारी आणि दिवे लावल्यावर पाहावेत. ६५०० केल्विनच्या (केल्विन हे दिव्याच्या प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पांढऱ्या ट्यूबखाली जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या छटा ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली वेगळ्या पडू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्ये वेगळी असतात. आधी दोन्ही जवळ ठेवून फरक कोणत्या बाजूचा आहे, पिवळा, हिरवा की निळा, तो ओळखावा. मग एकेक पुठ्ठा एकटाच दिवसभर ठेवावा, कारण पुढे भिंतीवर तो एकटाच राहणार आहे. खोली अंधारी असेल आणि तरीही मन ठरत नसेल, तर प्रकाश अधिक परतवणारी छटा घ्यावी. काही कंपन्या हे प्रमाण ० ते १०० या मापात देतात.

निवड झाली की शेडचा क्रमांक लिहून ठेवावा आणि लागणारे सगळे डबे दुकानातून एकदमच तयार करून घ्यावेत.