एन्झायटी असताना हेल्पलाइनवर व्हॉलंटियरिंग करताय? या चुका टाळा

आधी एक गोष्ट क्लिअर करते, एन्झायटी आहे म्हणून मानसिक आधार देणाऱ्या हेल्पलाइनवर बसता येत नाही असं अजिबात नाही. मी गोळी चालू असतानाच ट्रेनिंग केलं आणि अजूनही शिफ्ट करते, आणि कॉलवर कोणी म्हणालं की छातीत धडधडतंय, हातपाय गार पडलेत, आता काहीतरी भयंकर होणार असं वाटतंय, तर ते काय असतं हे मला कोणी समजावून सांगावं लागत नाही. पण आपल्यासारख्यांच्या चुका ठरलेल्या असतात आणि बहुतेक सगळ्या एकाच ठिकाणाहून येतात. समोरचा रडत असतो, आपल्याला आपलीच अस्वस्थता सहन होत नाही, आणि मग त्याला मदत करतोय असं वाटत असताना आपण खरं तर आपली घालमेल थांबवायला बघत असतो.

सुरुवातीलाच होणारी चूक: लपवणं

फॉर्मवर किंवा इंटरव्ह्यूत विचारतात, सध्या काही ट्रीटमेंट चालू आहे का, आणि लोक बिनधास्त "नाही" लिहून मोकळे होतात कारण घेणार नाहीत अशी भीती असते. सांगून टाका. सुपरवायझरला माहीत असेल तर ते तुम्हाला पहिल्या महिन्यातच रात्रीची शिफ्ट देणार नाहीत, अवघड कॉलनंतर मुद्दाम विचारतील, आणि मधेच उठावं लागलं तर वेगळं एक्स्प्लेनेशन द्यावं लागणार नाही.

दुसरं म्हणजे कुठे जाताय ते बघा. टेलीमानस, म्हणजे १४४१६, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली सरकारी सेवा, तिथे नेमलेले समुपदेशक असतात, आणि टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, तिच्या आयकॉल हेल्पलाइनवर पण प्रोफेशनल्सच बोलतात. व्हॉलंटियरचं काम असतं ते पुण्यातली कनेक्टिंग किंवा मुंबईतली समॅरिटन्स अशा ठिकाणी. १९५३ साली चॅड व्हारा यांनी लंडनमध्ये समॅरिटन्स सुरू केली तेव्हापासून या कामाचा पाया हाच आहे की साध्या माणसाने ट्रेनिंग घेऊन, जज न करता ऐकायचं. तुमच्याकडून उपाय कोणी मागितलेलाच नाहीये, हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मं टेन्शन तिथेच उतरतं.

आणि प्लीज, ट्रेनिंग झालं म्हणून स्वतःचं काउन्सेलिंग बंद करू नका, शिफ्टला फ्रेश वाटावं म्हणून गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. एन्झायटीवरच्या बऱ्याच गोळ्या अचानक थांबवल्या तर चक्कर, चिडचिड, झोपेची वाट लागते. गोळीने झोप येत असेल तर डॉक्टरांना वेळ बदलून मिळेल का विचारा.

कॉलवर

शांतता भरून काढू नका. कॉलर गप्प झाला की आपल्याला तीन सेकंद म्हणजे तास वाटतो आणि आपण काहीतरी बोलतो, बहुतेक वेळा "सगळं नीट होईल हो." नीट होईल की नाही हे आपल्याला माहीत नसतं आणि त्यालाही ते कळतं. "मी आहे इथे, सावकाश बोला" एवढं पुरतं.

"ताई, तुम्हीच सांगा आता मी काय करू" हे वाक्य तर हमखास येतं, आणि ताई म्हटलं की आपण घरच्यासारखं सांगायला लागतो, नवऱ्याला सोडा, आईशी बोला, वगैरे. तसंच "मला पण असंच होतं" हे पण नको, कारण पुढची पाच मिनिटं तो बिचारा तुमची काळजी करत बसतो.

सगळ्यात महत्त्वाचं, आत्महत्येबद्दल विचारायला घाबरणं. विचारलं तर डोक्यात कल्पना येईल असं वाटतं, पण तसं होत नाही, उलट कोणीतरी स्पष्ट विचारलं म्हणून लोकांना सुटल्यासारखं होतं. आणि विचारायचं ते "तसं काही मनात नाही ना?" असं नाही, कारण त्याला फक्त "नाही" म्हणायची सोय राहते. "जीव द्यावा असे विचार येतात का तुमच्या मनात?" असं सरळ विचारा. हो म्हणाला तर प्लॅन आहे का, साधन जवळ आहे का, आत्ता सोबत कोण आहे, ही पुढची पायरी, आणि त्याच वेळी सुपरवायझरला खूण करायची. घाबरून पोलीस केसची भीती तर कधीच घालू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं कलम ११५ हेच सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, त्याला शिक्षा नाही.

मधेच तुमचीच धडधड वाढली तर दोन्ही पाय जमिनीला टेकवा, श्वास घेताना लागेल त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या आणि कॉलरचे शब्द कागदावर जसेच्या तसे लिहायला लागा, लिहिण्यात लक्ष गेलं की मन परत कॉलवर येतं. तरीही जमत नसेल तर हात वर करा, कॉल दुसऱ्याकडे द्या. आवाज थरथरत रेटत राहण्यापेक्षा "माझे सहकारी तुमच्याशी बोलतील, मी आत्ताच जोडून देते" हे कॉलरसाठी कितीतरी बरं.

कॉल संपल्यावर, खरी परीक्षा इथे असते

त्या माणसाचं पुढे काय झालं हे बहुतेक वेळा कधीच कळत नाही. एन्झायटीवाल्यांना हे सगळ्यात जड जातं. मग रात्री दोनला बातम्या शोधणं, त्या गावाचं नाव सर्च करणं, मी ते वाक्य बोलायला नको होतं याची उजळणी, आणि कोणी कोणी तर नंबर लिहून घेऊन स्वतःच्या फोनवरून कॉल करायच्या विचारात असतात. हे करू नकाच, गोपनीयतेचा भंग तर आहेच, पण चेक केल्याने मिळणारा दिलासा फार टिकत नाही, थोड्या वेळाने परत चेक करावंसं वाटतं, आणि दर वेळी ती सवय पक्की होते. लगेच डीब्रीफ करा. काय ऐकलं, काय बोललात, काय खटकलं हे सुपरवायझरला सांगा, आणि घरी नवऱ्याला किंवा मैत्रिणींच्या ग्रुपवर नाव गाळूनसुद्धा सांगू नका. स्वतःला काय झालं ते मात्र स्वतःच्या काउन्सेलरकडे न्यायचं, कॉलरची ओळख न सांगता.

घाणेरडं बोलणारे कॉल येतात, खूप येतात. संस्थेचा नियम असतो, वॉर्निंग देऊन ठेवून द्यायचा. यात गिल्ट घेऊ नका.

दहावी-बारावीच्या रिझल्टच्या दिवसांत एक्स्ट्रा शिफ्ट घ्यायचा मोह होतो, मुलांचे फोन असतात, नाही म्हणवत नाही. तरी ठरलेल्यापेक्षा जास्त घेऊ नका, आणि रिकाम्या पोटी चहावर चहा पिऊन बसू नका, धडधडीत भर पडते.

आठवडाभर झोप नाही, शिफ्टच्या आदल्या दिवसापासून पोटात गोळा, किंवा जवळच्या कोणी नुकताच जीव दिलाय, तर ब्रेक घ्या. तुमच्याच मनात मरणाचे विचार येत असतील तर शिफ्ट सोडा, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला किंवा १४४१६ लावा, व्हॉलंटियरने लावू नये असा काही नियम नाही. परत येताना थेट कॉल घेऊ नका, आधी थोड्या शिफ्ट कोणाच्या तरी शेजारी बसून नुसतं ऐका, आणि मग दिवसाची छोटी शिफ्ट मागून घ्या.